मितान आणि कंपनी

वकिलाकडे माणूस हातात कागद घेऊन येतो. मिस्त्री आले ते डोक्यावर बाज घेऊन. सकाळची वेळ, मी दाढीला बसलो होतो. आधी बाजेचे पाय दारातून आत आले, मग त्यांच्याखालचा माणूस. त्यांनी बाज खोलीच्या मधोमध टाकली, तिच्यावर ऐसपैस बसले, माझ्या एकुलत्या एक खुर्चीकडे संशयाने पाहिलं आणि म्हणाले, "वकील साहेब, मले रशियात कंपनी टाकाची आहे."

वस्तरा गालाला लागला. ती खूण पुढे बरेच दिवस दिसत होती.

मी तेव्हा नुकताच वकील झालो होतो. वडील रेल्वेत गार्ड, दुर्गच्या त्यांच्या क्वार्टरात भावंडांची एवढी दाटी की कायद्याचं पुस्तक उघडायला मांडी मोकळी मिळत नसे. म्हणून भिलाईला कामगारांच्या कॅम्पात एक खोली भाड्याने घेतली होती आणि रोज सायकलीने दुर्गच्या कचेरीत जात होतो. माझ्याकडे कामं कसली? धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची भांडणं, भावाभावांच्या वाटण्या, आणि वडिलांच्या ओळखीने आलेली रेल्वेच्या हद्दीत शिरलेल्या म्हशींची प्रकरणं. कंपनी तर सोडाच, मी कोणाला पानठेलाही काढून दिला नव्हता. पण पहिल्या वर्षी वकील कोणाला नाही म्हणत नाही.

"कसली कंपनी?" मी गाल दाबून विचारलं.

"बाजेची."

"आणि रशियातच का?"

"मंग? माहा मितान तिथंच आहे ना, जी."

मिस्त्री साकोलीकडचे. भिलाईचा पोलाद कारखाना रशियनांच्या मदतीने उभा राहत होता तेव्हा शेती भावांच्या हवाली करून इकडे आले. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. कोक ओव्हनच्या भट्ट्यांना आतून खास विटांचं अस्तर लावतात, ते काम करणाऱ्या टोळीत ते गवंडी होते. विटेशिवाय त्यांना जगात काही दिसत नसे. कोणाच्या घरी गेले की आधी भिंतीवरून तळहात फिरवत, मग घरच्यांना रामराम करत. माझ्या खोलीची मागची भिंत त्यांनी एकदाच पाहिली आणि म्हणाले, "हे पोटुशी आहे, जी. इच्याखाली निजू नका." त्या दिवसापासून मी उशी दुसरीकडे केली. ती भिंत अजून उभी आहे असं ऐकतो, पण सांगायचा मुद्दा तो नाही.

खुर्चीवर ते कधीच बसले नाहीत. खुर्ची माणसाला अर्धाच धरते, असं त्यांचं मत. बाज पुरा माणूस धरते. म्हणून कुठे जास्त वेळ बसायचं असेल तर स्वतः विणलेली अंबाडीच्या दोरीची बाज सोबत नेत. कॅम्पातली माणसं हसायची. पण उन्हाळ्यात त्याच माणसांची "मिस्त्री, आमचीबी बाज तेवढी ताणून द्या ना" अशी रांग त्यांच्या दारापुढे लागायची. कामाचं ते काही घेत नसत. फक्त एक अट होती, बाज ताणून झाली की मालकाने त्यांच्यासमोर तिच्यावर आडवं होऊन दाखवायचं. भर बाजारात एका जाड्या किराणा दुकानदाराला त्यांनी असं आडवं पाडलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

आणि याच बाजेवर त्यांचा मितान त्यांना भेटला.

मी त्या माणसाला पाहिलं नाही. मी भिलाईत यायच्या थोडंच आधी तो आपल्या देशी परत गेला होता. भट्टीच्या विटकामावर देखरेख करायला आलेल्या रशियनांपैकी तो एक. धिप्पाड, आणि कंबरेने पार मोडलेला. गाद्या झाल्या, फळ्या झाल्या, कशावरच त्याला झोप नसे. एका मे महिन्याच्या दुपारी मिस्त्रींची बाज शेडखाली मोकळी दिसली तेव्हा तो सहज टेकला आणि जो झोपला तो टोळी सुटायच्या वेळी उठला. उठल्यावर त्याने आधी कंबर वाकवून पाहिली, मग बाजेला हात लावला, मग मिस्त्रींना मिठी मारली. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी तो कॅम्पात यायचा. दोघांची भाषा म्हणजे अच्छा, चलो, नहीं आणि बाकी हात. "बोलणं लय झालं आमचं," मिस्त्री म्हणायचे. "त्याच्या माईनं मधमाश्या पाळल्या आहेत. त्याची पोरगी दातात फट असलेली आहे. त्याची गाय मेली तवा तो रडला होता." हे सगळं हातांनी सांगितलं नि हातांनी समजलं.

त्यांच्या टोळीत इकडचीच एक म्हातारी विटा वाहायला होती. तिने या जोडीकडे बरेच दिवस पाहिलं आणि एकदा हुकूम सोडला, "एला मितान बद ले गा." म्हणजे, याला मितान करून घे. छत्तीसगडात दोन माणसांचा जीव जडला की ते असे रीतसर मितान होतात. पिठाचा चौक काढायचा, समोरासमोर बसायचं, टिळा लावायचा, नारळ बदलायचे. मग ते नातं रक्ताच्या नात्याहून मोठं. मितानाच्या घरचं लग्न ते आपल्या घरचं, त्याच्या घरचं सुतक ते आपलं. आणि एक नियम, त्या दिवसापासून दोघांनी मरेपर्यंत एकमेकांचं नाव घ्यायचं नाही. हाक मारायची ती मितान म्हणूनच. पाटावर न मावणाऱ्या त्या रशियनाला हे कळल्यावर त्याने म्हणे ओठांवर बोट ठेवलं आणि मोठ्या गंभीरपणे मान हलवली.

हे सगळं ऐकून मी कागद पुढे ओढला आणि वकिलासारखं विचारलं, "तर कंपनीचे भागीदार दोन. एक तुम्ही. दुसऱ्याचं नाव?"

मिस्त्रींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, मी काहीतरी अचकटविचकट बोललो.

"आता तं सांगितलं ना जी, नाव घेत नाई म्हणून."

"अहो, पण कागदावर नाव लागेल. नावाशिवाय कंपनी कशी होईल?"

"जागा मोकळी सोडा. येळ आली का सांगीन."

मी त्यांना एक वाट सुचवली. आमच्या कोर्टात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. साक्षीला उभ्या राहिल्या की पदर तोंडाशी धरून गप्प. मग शेजारी उभा असलेला दीर नाहीतर गावचा पाटील नाव घेतो, बाई मान हलवते, आणि साहेब ते लिहून घेतात. तसंच टोळीतल्या कोणाला तरी आणा, तो नाव घेईल, तुम्ही मान हलवा. मिस्त्रींना हे फार आवडलं. "आणतो," म्हणाले. पण आणलं नाही. टोळीतली माणसं बोकारोच्या नव्या कामाकडे पांगू लागली होती, म्हातारी गावी गेली होती, आणि तसंही त्या सगळ्यांनी त्या रशियनाला कायम 'मिस्त्रीचा मितान' असंच म्हटलं होतं.

आता कोणी विचारील की त्या देशात खाजगी कंपनी काढता येत नाही, हे वकिलाला ठाऊक नव्हतं का. ठाऊक होतं. दुसऱ्याच भेटीत मी ते त्यांना सांगितलं. तिकडे सगळं सरकारचं असतं, दुकानसुद्धा.

मिस्त्रींनी थोडा विचार केला. "मंग सरकारलेच भागीदार घेऊन टाका. इथं कारखाना कोणाचा आहे? सरकारचाच ना? मी काम करून राहिलोच ना?"

दुसऱ्या दिवशी मी हे कचेरीत सांगितलं. तिथे झाडाखाली बसणारा आमचा म्हातारा अर्जनवीस ते ऐकून इतका हसला की त्याचा चष्मा दौतीत पडला. त्याच्याकडूनच मी कंपनीचा मसुदा सुंदर अक्षरात लिहून घेतला होता. कंपनीचं नाव 'मितान आणि मितान'. उद्देश, बाज विणणे व माणसास झोप लागेल अशी ताणून देणे. भागीदार एक, मिस्त्री. भागीदार दोन, मोकळी जागा.

मग सुट्टीच्या दिवशी सकाळी मिस्त्री बाज घेऊन यायचे आणि आम्ही कंपनीचं काम पुढे न्यायचो. म्हणजे काय करायचो, ते आता मलाही नीट सांगता येणार नाही. मी नागपूरहून आणलेलं कंपनी कायद्याचं पुस्तक वाचून दाखवायचो, ते डोळे मिटून ऐकायचे. मधेच विचारायचे, "यात मितान कवा येते?" मी म्हणायचो, पुढच्या कलमात येईल. कधी कंटाळून मी म्हटलं की हे काही होणार नाही, तर त्यांचं ठरलेलं बोलणं असे, "भट्टी एकडाव पेटली का इझवता येत नाई, वकील साहेब. थंडी झाली का तडकते."

एका डिसेंबरात भिलाईतल्या पॉवर हाऊस भागाच्या बाजारात गर्दी दिसली म्हणून मी सायकलवरून उतरलो. मधे भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी, तिच्यावर अंबाडीच्या दोरीचं भेंडोळं, आणि त्यावर मिस्त्री अनवाणी उभे. अंगात रायपूरहून आणलेला जुना, ढगळ, काळा कोट.

"काय चाललंय मिस्त्री?"

"दोरी पाहून राहिलो, जी. तिथं बरफ असते. ताठली तं मितानच्या कंबरेचं काय होईन?"

"आणि तुम्ही कशाला उभे?"

"दोरी एकटी कावून थंडी खाईन?"

लोक पोट धरून हसले. मीही हसलो. मग ते लादीवरून उतरले तेव्हा पाय बधिर होऊन कोलमडले, मी त्यांना धरलं, आणि पाहिलं तर या माणसात हसण्यासारखं काहीच नव्हतं. तो मनाने तिकडे जाऊन आला होता. दोरी खाली टाकत म्हणाले, "जमते. थोडी सैल विणा लागन."

त्या दिवशी चहाच्या टपरीवर पाय शेकत त्यांनी मला मितान गेला त्या दिवसाची गोष्ट सांगितली. पहिल्यांदा आणि एकदाच. मितानाला निघायचा निरोप अचानक आला. तो भट्टीवर मिस्त्रींना शोधत आला. मिस्त्री खाली विटा उतरवत होते. वरून तो ओरडत होता, मितान, मितान.

"आयकू आलं होतं, जी मले," मिस्त्री म्हणाले. "मशीनचा लय आवाज होता, पण आयकू आलं होतं. कामावर अर्धे लोक एकमेकाचे मितान. मले वाटलं, कोणाचा तरी मितान बलावून राहिला. म्हनून मी वर नाई पायलं. दुसऱ्यानं सांगितलं तवा पळत गेलो, तं गाडी निघून गेली होती."

चहा गार झाला होता. मी दुसरा सांगितला. मला काय वाटलं ते सरळ सांगतो. मला त्या रशियनाचा हेवा वाटला. माझ्या हाकेला आलो नाही या सलापायी बर्फावर उभं राहणारं कोणी मला आयुष्यात मिळेल का, असं वाटलं.

"नुसतं भेटाले जातो म्हटलं, तं मले कोण जाऊ देते?" ते म्हणाले. "इंजिनेर जाते, शिकाले पोरं जाते. आमची वीट तं लागून गेली. कंपनी असन तं कोणी नाई म्हनू शकत नाई."

एवढ्यासाठी ती कंपनी होती. नफा हा शब्द त्या मसुद्यात कुठेच नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

पुढे बराच काळ गेला. बहुतेक रशियन परत गेले. एक रशियन दुभाषा मागे राहिला होता, त्याला घर सोडताना कसलंसं प्रतिज्ञापत्र हवं होतं म्हणून तो आमच्या कचेरीत आला. माझ्यापेक्षा बरी हिंदी बोलायचा. त्याला मी मिस्त्रींची गोष्ट सांगितली. मला वाटलं हसेल. तो हसला नाही. म्हणाला, "नाम बताइए, शहर बताइए। मैं ढूँढ लूँगा।" आणि पुढे म्हणाला की कंपनीबिंपनी काही नको, मितान सापडला आणि तिकडून त्याने रीतसर बोलावलं, तर यांना जाता येईल. तो स्वतः त्यासाठी खटपट करील. पण दोन दिवसांनी तो निघणार होता.

मी सायकल हाणत कॅम्पात गेलो. मिस्त्री कोणाची तरी बाज ताणत होते. ऐकल्यावर त्यांनी दोरी सोडून दिली. दोरी सोडताना मी त्यांना त्या एकाच वेळी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरातल्या त्या दुभाष्याच्या घरी गेलो. मिस्त्रींनी दाढी केली होती, काळा कोट घातला होता, आणि पहिल्यांदाच बाज आणली नव्हती. घरात सामान बांधलेलं. दुभाष्याने त्यांना खुर्ची दिली आणि मिस्त्री चक्क खुर्चीवर बसले. वाटेत त्यांनी मनाशी ठरवलं होतं. मला म्हणाले होते, "एक डाव नाव घेतो. भेटीसाठी आहे. मितान माफ करन."

दुभाष्याने पेन उघडलं. "नाम?"

मिस्त्रींनी हात जोडले, डोळे मिटले, तोंड उघडलं.

काही आलं नाही.

त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. ओठ मिटले, जीभ टाळूला लागली, घशातून आवाजही निघाला, पण जे बाहेर आलं ते मितान. परत एकदा तसंच. डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं मी अजून विसरलेलो नाही.

"होतं ना जी," ते म्हणाले. "इथंच होतं."

इतकी वर्षं त्यांनी ते ओठांवर येऊ दिलं नव्हतं. आणि नाव, न वापरता ठेवलेलं, आपसूक निघून गेलं होतं. कधी गेलं हे त्यांनाही कळलं नव्हतं.

दुभाषा मोठा भला माणूस. मी त्याला आमच्या कोर्टाची रीत सांगितली. तो एकेक नाव घेऊ लागला. इवान? अलेक्सेई? निकोलाई? मिस्त्री खुर्चीच्या कडेला येऊन कान देऊन ऐकत होते. मान हलायला तयार होती, पण हलत नव्हती. नावं संपली, दुभाष्याने आठवून आठवून आणखी काढली. शेवटी मिस्त्रीच म्हणाले, "राहू द्या साहेब. आता सगळेच त्याचे वाटून राहिले."

मग त्यांनी सांगता येईल ते सगळं सांगितलं. मधमाश्या, मेलेली गाय, पोरीच्या दातातली फट, गावाजवळची नदी. नदी कुठली? नदी, बस. दुभाष्याने सगळं मन लावून ऐकलं आणि म्हणाला की चार माणसं जमतील तिथे तो विचारील, तुमच्यात मितान कोण आहे. त्याने विचारलंही असेल. आमच्यापर्यंत काही आलं नाही. मी नंतर एकदोन ठिकाणी चौकशी केली, तर तिथला बाबू म्हणाला, नाव सांगा, म्हणजे माणूस शोधून देतो.

त्या सकाळी परत येताना मी सायकल हातात धरून त्यांच्यासोबत चालत होतो. कॅम्प दिसू लागला तेव्हा मिस्त्री एकाएकी थांबले आणि हसले.

"त्यालेबी माहं नाव याद नसन, वकील साहेब. लिहून घ्या. लय कायद्याचा माणूस होता तो. पाळलं असन त्यानं." थोडं पुढे जाऊन म्हणाले, "दोघायनं पाळलं म्हना."

हे बोलताना त्यांच्या तोंडावर अभिमान होता. मला मात्र रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

त्या सकाळनंतर ते येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. पण पुढच्या सुट्टीला बाज आत आली, खाली मिस्त्री. "वाचा. कोन्तं कलम होतं?" भट्टी पेटती ठेवायची होती. मीही वाचू लागलो.

साकोलीला कायमचे निघायच्या आधी एका सकाळी ते नारळ घेऊन आले. पीठही कागदात बांधून आणलं होतं. चौक त्यांनी स्वतःच काढला. मला कळलं आणि भीती वाटली.

"मिस्त्री, पुन्हा तेच कशाला? यात नाव हरवतं."

"हरवू द्या ना जी. नाव गेलं, तं काय झालं? दुपारी बाजेवर पडलो का त्याचं घोरनं आयकू येते मले अजून."

मी पाटावर बसलो. त्यांनी मला टिळा लावला, मी त्यांना लावला, नारळ बदलले. जाताना बाज माझ्या खोलीतच ठेवून गेले. मी खुर्ची अर्जनवीसाला देऊन टाकली.

इथवर वाचणाऱ्याला कळलंच असेल की मी त्यांना मिस्त्री म्हणूनच भागवलं आहे. पण त्यांच्यासारखं मला होऊ द्यायचं नव्हतं. शेवटी वकील आहे. आंघोळीला बसलो की नळ मोठा सोडतो आणि त्या आवाजात एकदा ते नाव म्हणून घेतो. कोणी ऐकत नाही, पुरावा उरत नाही. घरच्यांना वाटतं मी स्तोत्र म्हणतो.

ते गेल्याचं मला त्यांच्या पुतण्याने येऊन सांगितलं. मितानाचं सुतक आपलं असतं, म्हणून मी मुंडण केलं आणि दुसऱ्या दिवशी तसाच कचेरीत गेलो. धुऱ्याचंच एक प्रकरण होतं. न्यायाधीश साहेब नवे होते, बाहेरून आलेले. माझं डोकं पाहून त्यांनी हातातली फाईल बाजूला ठेवली.

"वकील साहब, घर में कौन गुज़र गया?"

"मितान, साहेब."

त्यांना तो शब्द कळला नसावा. त्यांनी आपुलकीने विचारलं, "नाम क्या था उनका?"

सगळं कोर्ट माझ्याकडे पाहत होतं. नाव जिभेवर होतं, अगदी टोकावर, त्याच सकाळी नळाखाली घेतलेलं. मला ते घेता येत नव्हतं.

तेव्हा मागून, दाराजवळून, आमच्या म्हाताऱ्या अर्जनवीसाने त्यांचं नाव घेतलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, गावासकट, मसुद्यात लिहिलं होतं तसं.

मी मान हलवली.